सर्व्हर बंद पडल्यावरचा पहिला तास

१९ जुलैच्या शुक्रवारी दुपारी भाच्याने मुंबई विमानतळावरून मला एक फोटो पाठवला. हाताने लिहिलेला बोर्डिंग पास. नाव, विमानाचा क्रमांक, आसन, सगळं निळ्या बॉलपेनने. खाली त्याची टिप्पणी : ‘मामा, तुमचा केसपेपर आला!’ त्या दिवशी देशात अनेक विमानतळांवर असे पास वाटले गेले आणि समाजमाध्यमांवर त्यांची भरपूर थट्टा झाली. मी तो फोटो जरा वेळ बघत राहिलो. त्या विमान कंपनीकडे कोरे पास छापून ठेवलेले होते. ते कोणत्या कपाटात आहेत हे कुणाला तरी माहीत होतं आणि काउंटरवरच्या मुलीला त्यावर काय लिहायचं हे ठाऊक होतं. उशीर झाला, बरीच विमानं रद्द झाली, तरी भाचा त्या रात्री दिल्लीत पोहोचला. आमच्या क्षेत्रात आम्ही इतके तयार असतो का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

त्या दिवशी झालं ते असं. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकी कंपनी संगणकांचं हल्ल्यांपासून रक्षण करणारं सॉफ्टवेअर विकते. आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिने एक छोटी फाइल जगभरच्या ग्राहकांच्या संगणकांवर पाठवली. फाइलमध्ये चूक होती. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतं, माणसाच्या मेंदूच्या देठाशी म्हणा ना. बोटाला जखम झाली तर माणूस चालतो-बोलतो. देठाला इजा झाली तर श्वासच थांबतो. तसे संगणक निळ्या पडद्यावर जाऊन थांबले. बंद करून पुन्हा सुरू केले तरी पुन्हा तिथेच. ७८ मिनिटांत कंपनीने ती फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक आडवे झाले होते. जगातल्या एकूण विंडोज संगणकांच्या तुलनेत हे एक टक्काही नाही. तरी विमानं थांबली, बँकांचे व्यवहार अडले, जर्मनीत ल्युबेक आणि कील इथल्या विद्यापीठ रुग्णालयाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या आणि इंग्लंडमधल्या निम्म्याहून अधिक फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येईनात.

हा हल्ला नव्हता, हे लक्षात घ्या. कोणी चोर आत शिरला नाही. राखणदाराचाच पाय चुकून दिव्याला लागला. आणि दुरुस्ती कशी, तर प्रत्येक संगणकाजवळ माणसाने जायचं, तो विशिष्ट पद्धतीने सुरू करायचा आणि ती फाइल हाताने पुसायची. ज्या संगणकांची डिस्क सुरक्षेसाठी कुलूपबंद केलेली होती, त्यांना आधी ४८ आकडी किल्ली द्यावी लागत होती. काही कंपन्यांमध्ये त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती, तो सर्व्हरही निळ्या पडद्यावर अडकलेला. कपाटाची किल्ली कपाटातच, हा प्रकार आपल्या घराघरांत होतो. तो बहुराष्ट्रीय कंपन्यांतही होतो हे पाहून थोडा दिलासा मिळाला, खोटं कशाला बोलू.

औषधनिर्मितीशी संबंध असलेल्या कोणालाही इथे एक गोष्ट खटकेल. नवं औषध आपण आधी मोजक्या लोकांना देतो, काही काळ थांबतो, मग आणखी लोकांना देतो. लाखो जणांना एकाच सकाळी टोचत नाही. ही फाइल मात्र सगळीकडे एकदम गेली. यापुढे अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवू, असं आता कंपनीने आपल्या प्राथमिक अहवालात म्हटलं आहे.

आपण भारतीय त्या मानाने स्वस्तात सुटलो. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली, कारण हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बँका इथे मोजक्याच आहेत. म्हणजे आपण वाचलो ते तयारीमुळे नाही. ते गिऱ्हाईकच नव्हतो म्हणून वाचलो.

आता माझ्या घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी ज्या सरकारी रुग्णालयात काम करत होतो, तिथे एका सोमवारी साडेदहाच्या सुमारास संगणकप्रणाली बंद पडली. सोमवार म्हणजे ओपीडीला जत्रा. केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग फाटकाबाहेर गेलेली. पहिला अर्धा तास सगळे ‘येईल, येईल’ म्हणत पडद्याकडे बघत बसले. हा अर्धा तास सगळ्यात वाईट असतो, कारण त्यात कोणीच काही ठरवत नाही. मग आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरने स्वतःच्या हिमतीवर स्टोअर उघडायला लावलं आणि जुनी रजिस्टरं काढली. त्यानंतर कळलं की तीन वर्षांत भरती झालेल्या निवासी डॉक्टरांपैकी बहुतेकांनी प्रयोगशाळेचा मागणी अर्ज हाताने कधी लिहिलेलाच नव्हता. त्यावर नमुना घेतल्याची वेळ लिहितात, वॉर्ड आणि खाट लिहितात, नोंदणी क्रमांक लिहितात, हे त्यांच्यासाठी आजवर संगणक करत होता.

दुपारी प्रयोगशाळेतून वॉर्डात फोन आला : ‘तुमच्या अमुक पेशंटचं पोटॅशियम ७.१.’ इंटर्नने नाव ऐकलं, चिठ्ठीवर लिहिलं, निवासी डॉक्टरला दिलं. रक्तातलं पोटॅशियम साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान असतं. सातच्या वर गेलं की हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकतं. मुलीने धावपळ करून इन्शुलिन आणि ग्लुकोजची तयारी केली. मी राउंडवर होतो. ईसीजी बघितला, तर तो अगदी स्वच्छ. ७.१ पोटॅशियम आणि असा ईसीजी, हे मनाला पटेना. रुग्णाशी बोललो, तो चहा पीत होता. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, ‘सर, त्याच नावाचा आणखी एक आहे ना, भिंतीकडचा, किडनीवाला.’ सहा खाटा पलीकडे एकाच नावाचा आणि एकाच आडनावाचा दुसरा माणूस झोपून होता. त्याच्या ईसीजीतल्या टी लाटा तंबूसारख्या टोकदार झालेल्या. वीस मिनिटं त्याच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं आणि ज्याला काही झालं नव्हतं, त्याला आम्ही इन्शुलिन द्यायला निघालो होतो.

दोघेही वाचले. संध्याकाळी प्रणाली सुरू झाली, ओपीडीतल्या नोंदी दुसऱ्या दिवशी भरल्या गेल्या आणि कागदोपत्री ‘काही तास सेवा विस्कळीत’ एवढंच उरलं. ती निवासी डॉक्टर मात्र बरेच दिवस गप्प होती. चूक तिची नव्हती. एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळं ठेवणारी एकच भिंत होती, ती म्हणजे नोंदणी क्रमांक. तो आम्ही संगणकाला सोपवून विसरून गेलो होतो.

विश्वासार्ह संगणकव्यवस्था म्हटलं की लोकांना महागडे सर्व्हर, वातानुकूलित खोली, परदेशी सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर येतं. त्या सोमवारनंतर मी या विषयावरचं जे मिळेल ते वाचत गेलो आणि माझं मत बदललं. यंत्र बंद पडणारच, जसा माणूस आजारी पडणारच. व्यवस्थेची परीक्षा पुढे असते : पहिला तास कोण सांभाळतो, काम कशावर चालतं आणि परत उभं राहायचं ते कोणत्या क्रमाने.

आयर्लंडचं उदाहरण मला यासाठी फार बोलकं वाटतं. त्यांची सार्वजनिक आरोग्यसेवा, एचएसई, देशभरातली रुग्णालयं चालवते. १४ मे २०२१ ला पहाटे कोंटी नावाच्या टोळीने तिची संगणकव्यवस्था खंडणीसाठी कुलूपबंद केली. आधीच्या १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने ईमेलमधली एक्सेल फाइल उघडली होती, तिथून चोर आत आले आणि आठ आठवडे आतच फिरत होते. एखाद्या संगणकावरच्या रक्षक सॉफ्टवेअरला त्यांचा वासही आला होता. पण ते फक्त नोंद घेण्यावर लावलेलं होतं, अडवण्यावर नाही. ताप आला, तक्त्यावर लिहिला गेला, कोणी बघितला नाही. वॉर्डात हे घडतं तेव्हा आम्ही एकमेकांना फाडून खातो.

पण खरी शिकवण पुढची आहे. सहाच दिवसांनी, २० मे रोजी, त्या टोळीने कुलूप उघडण्याची किल्ली फुकट देऊन टाकली. खंडणी न घेता. तरीही बहुतेक सगळे सर्व्हर मोकळे व्हायला २१ सप्टेंबर उजाडला. चार महिने! किल्ली हातात असताना. नंतरच्या स्वतंत्र अहवालात कारणं दिली आहेत आणि त्यातलं एकही कारण रॉकेट विज्ञान नाही. सायबर सुरक्षेची जबाबदारी वरच्या पातळीवर कोणा एका माणसाकडे नव्हती. तीस हजारांहून अधिक संगणक विंडोज ७ वर चालत होते, ज्याचा आधार कंपनीने काढून घेतला होता. इतक्या मोठ्या पडझडीतून उठायचं कसं, याचा तालीम केलेला आराखडा नव्हता. मी हा अहवाल वाचताना दर पानाला आपल्याकडचं एखादं कार्यालय डोळ्यांसमोर येत होतं. तुमच्याही येईल.

क्रमाचा मुद्दा जरा उलगडून सांगतो. अपघात विभागात एकदम चाळीस जखमी आले तर आम्ही आलेल्या क्रमाने तपासत नाही. जो सगळ्यात जास्त ओरडतो त्यालाही आधी घेत नाही. ओरडणाऱ्याचा श्वास तरी चालू असतो. कोण किती वेळ थांबू शकतो, यावर लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या बांधतो. संगणकाच्या प्रत्येक कामाला तशीच पट्टी आधी बांधून ठेवावी लागते आणि त्यासाठी दोनच प्रश्न विचारायचे. हे काम बंद राहिलं तर आपण किती वेळ तग धरू? आणि शेवटच्या किती वेळाच्या नोंदी गेल्या तरी चालेल? रक्तपेढीचं उत्तर मिनिटांत येईल. औषध भांडाराचं एखाद्या दिवसात. पगारपत्रकाचं आठवड्यात, जरी तिथे ओरडा सगळ्यात मोठा होणार असला तरी. ज्या कामाचं उत्तर मिनिटांत आहे त्याच्यासाठी दुसरा सर्व्हर सतत तयार ठेवायचा खर्च करावा. ज्याचं आठवड्यात आहे त्याच्यासाठी रात्री घेतलेली प्रत पुरते. सगळ्यांवर सारखा पैसा खर्च करणारी संस्था शेवटी कुणालाच नीट वाचवू शकत नाही. हे दोन प्रश्न पतपेढीला लागू आहेत, पॅथॉलॉजी लॅबला आहेत आणि तीन संगणकांवर हिशेब ठेवणाऱ्या औषध दुकानालाही.

रक्तपेढी मी उगाच पहिली घेतली नाही. २०२४ मध्ये, ३ जूनला, लंडनमधल्या सिनोव्हिस या प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेवर असाच खंडणीचा हल्ला झाला. गाइज, सेंट थॉमस, किंग्ज कॉलेज ही नावाजलेली रुग्णालयं रक्ततपासणीसाठी तिच्यावर अवलंबून. एका आठवड्यात ब्रिटनच्या रक्तसेवेने ‘ओ’ गटाच्या दात्यांना आवाहन केलं. सामान्य वाचकाला प्रश्न पडेल की संगणक बंद पडले तर रक्त का कमी पडावं. तर, रक्त जुळवून बघण्याचं काम नेहमीच्या वेगाने होईना. अशा वेळी कोणालाही चालणारं ‘ओ’ रक्तच द्यावं लागतं, त्यातही ‘ओ निगेटिव्ह’ आधीच दुर्मीळ. ज्याला ‘बी’ गटाची पिशवी सहज देता आली असती, त्यालाही ‘ओ’च द्यायचं. हल्ला झाला एका कंपनीच्या सर्व्हरवर आणि त्याची भरपाई दात्यांच्या दंडातून. हजारो तपासण्या आणि शेकडो शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. रुग्णालयांचे आपले संगणक चालू होते. बाहेर दिलेलं एक काम बंद पडलं आणि ती अर्धी लंगडी झाली. कंत्राट देताना आपण दर बघतो. समोरचा कोसळला तर आपण काय करणार, हा परिच्छेद कंत्राटात कुणी शोधतं का?

आता आपल्याकडे येऊ. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समध्ये सकाळी सर्व्हर बंद पडले. ओपीडीची नोंदणी, दाखल करणं, डिस्चार्ज, प्रयोगशाळेचे अहवाल, सगळं कागदावर आलं आणि साधारण दोन आठवडे तसंच चाललं. पुढे सरकारने संसदेत सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. कारण काय, तर जाळ्याचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. म्हणजे एका संगणकातून आत आलेल्याला सगळ्या घरभर फिरायला दारं उघडी. क्षयाच्या रुग्णाला आपण जनरल वॉर्डच्या मधोमध ठेवत नाही, त्याचं कारण त्याच्यावरचा राग नसतो. संगणकांचंही तसंच आहे. ईमेल बघायचा संगणक, सीटी स्कॅनचं यंत्र आणि रुग्णांच्या नोंदींचा सर्व्हर एकाच खोलीत झोपवले की एकाचा खोकला सगळ्यांना.

एम्सच्या बाबतीत एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे, ती बातम्यांत मागे पडली. ई-हॉस्पिटलची सगळी माहिती परत मिळाली, कारण एक बॅकअप सर्व्हर बाधित झालेला नव्हता. त्यावरून नव्या सर्व्हरवर माहिती उतरवली गेली. तो एक सर्व्हर नसता तर देशातल्या इतक्या मोठ्या रुग्णालयातल्या किती रुग्णांचा इतिहास पुसला गेला असता, याचा विचारही नको वाटतो.

बॅकअप या शब्दाने लोकांना फार लवकर समाधान मिळतं. ‘बॅकअप आहे ना?’ ‘आहे.’ झालं. मी हल्ली पुढचा प्रश्न विचारतो : शेवटचा कधी उतरवून बघितला? बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. जाणकारांचा साधा ठोकताळा आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तिसरी प्रत जाळ्याला जोडलेली नसावी, नाहीतर कुलूप लावणारा तिलाही लावतो. आणि ठरावीक दिवसांनी त्या प्रतीतून खरोखर काही नोंदी बाहेर काढून बघाव्यात. अपघात विभागातली क्रॅश कार्ट आम्ही रोज तपासतो. लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, ॲड्रेनलिनची तारीख उलटली का, डिफिब्रिलेटर चार्ज होतो का. सही करतो. सही केलेल्या रजिस्टरमध्ये न लागणारा दिवाही मी पाहिला आहे, म्हणून सहीवर माझा विश्वास कमी आहे. समोर लावून बघा.

दुसऱ्या जागी ठेवलेल्या प्रतीची किंमत काय असते, ते मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला विचारावं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या विषाणूने तिचे संगणक जगभर पुसून टाकले. आपल्या न्हावा शेव्यातलं त्यांचं टर्मिनलही त्यात ठप्प झालं, उरणकडच्या रस्त्यांवर कंटेनर अडकले. कोणाला आत येऊ द्यायचं याची यादी ठेवणारे कंपनीचे दीडशेच्या आसपास मुख्य संगणक होते. ते एकमेकांची प्रत म्हणून काम करत, त्यामुळे एक गेला तरी बाकीचे आहेत, असा हिशेब. सगळे एकदम जातील हे धरलेलंच नव्हतं. अखेर एकच शाबूत सापडला, घानामध्ये. का, तर विषाणू पसरला तेव्हा तिथली वीज गेली होती! भारनियमनात वाढलेल्या आपल्या पिढीला हे ऐकून हसू येईल, पण त्या वीज जाण्यावर एका जागतिक कंपनीचा पुनर्जन्म झाला. पुढे दहा दिवसांत तिने चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केले. अंदाजे २५ ते ३० कोटी डॉलरचं नुकसान झालं.

व्यावसायिक मित्रांशी बोलताना एक तक्रार नेहमी ऐकू येते की हे सगळं मोठ्यांना परवडतं. अंशतः खरं आहे. पण ज्या गोष्टींमुळे मोठे आपटले त्यातल्या बऱ्याच गोष्टी फुकटच्या होत्या. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायने ब्रिटनची रुग्णालयं बंद पाडली, तेव्हा ते छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवली होती. दोन महिने ती कुणी बसवली नव्हती, इतकंच. कोणते संगणक आपल्याकडे आहेत, कशावर काय चालतं, पासवर्ड कोणाकडे, दुरुस्तीला कोणाला फोन करायचा, ही दोन पानं कागदावर छापून भिंतीवरच्या पेटीत ठेवायला काय लागतं? नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्याच संध्याकाळी बंद करायला काय लागतं? माझ्या ओळखीच्या एका छोट्या लॅबचा सगळा हिशेब एका मुलाच्या डोक्यात होता. तो लग्नासाठी महिनाभर गावी गेला तेव्हा मालकाला कळलं की आपला व्यवसाय आपला नाही.

सरकारी रुग्णालयाचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि तिथे मला थोडा राग येऊ द्या. संगणक घ्यायला पैसे मिळतात. सर्व्हर येतो, हार घातला जातो, फीत कापली जाते, फोटो येतो. पाच वर्षांनी देखभाल करार संपतो, तेव्हा त्यासाठी पैसा कोणत्या लेखाशीर्षातून काढायचा यावर फाइल फिरू लागते. तोवर यंत्र देवाच्या भरवशावर. प्रणाली चालवणारी मुलं कंत्राटी, त्यांचे पगार महिनोन्महिने थकलेले; ज्याला सगळं ठाऊक होतं तो कंटाळून खासगीत जातो. एक कंपनी जाऊन दुसरी येते तेव्हा जुन्या नोंदी नव्या प्रणालीत उतरवून देणं कोणाच्या कंत्राटात लिहिलंय, हे शोधताना सगळे एकमेकांकडे बघतात. दहा वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झालेली बाई परत येते आणि आम्ही तिलाच विचारतो, ‘कोणतं किमो दिलं होतं, आठवतंय का?’ ती पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जुना कागद काढते. बॅकअप तिच्याकडे असतो.

हे सगळं आता आणखी मोठ्या पटावर येऊ घातलं आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. प्रत्येकाला १४ आकडी ‘आभा’ क्रमांक आणि त्याला जोडलेल्या नोंदी. मी याच्या बाजूचा आहे. एका नावाच्या दोन माणसांची गल्लत टाळायला असा क्रमांक हवाच. त्या सोमवारी मी ते डोळ्यांनी बघितलं. पण जितकं जास्त आपण त्यावर सोपवू, तितकी त्याच्याशिवायची सवय जाईल. २०२३ मध्ये आलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. सायबर हल्ला झाला तर सहा तासांत कळवायचं, असा सर्ट-इनचा आदेश २०२२ पासून आहे. दंड आणि आदेश असावेत. त्यातलं एकही कलम दुपारी दोन वाजता वॉर्डातल्या मुलीला पोटॅशियमच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहायला शिकवत नाही.

ते आम्ही आमच्या परीने सुरू केलं. आता मी ज्या विभागात आहे तिथे दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एक तास संगणक बंद ठेवतो. आणीबाणीच्या रुग्णासाठी एक पडदा चालू असतो, बाकी सगळं कागदावर. फोनवर आलेला प्रत्येक आकडा ऐकणाऱ्याने नोंदणी क्रमांकासह परत वाचून दाखवायचा. पहिल्या वेळी आरडाओरडा झाला, निवासी डॉक्टरांनी माझी नक्कल केली म्हणे. कोऱ्या मागणी अर्जांचा गठ्ठा सिस्टरांच्या टेबलाखालच्या खणात असतो. किल्ली दोन जणींकडे असते आणि तिसरी नर्सिंग ऑफिसमध्ये. या महिन्यात खण उघडला तेव्हा अर्जांवर रक्तपेढीचा जुनाच फोन नंबर छापलेला निघाला. नवा नंबर हाताने घालायचं काम अजून चालू आहे, साठ-सत्तर अर्ज उरलेत.